दीडशेच्या आत

जुन्नर तालुक्यात जाणारी माणसं शिवनेरी चढतात, लेण्याद्रीच्या पायऱ्यांवर धापा टाकतात, ओझरला गणपतीपुढे हात जोडून परततात. मी दोन आठवडे त्या तालुक्यात राहून यातलं काहीच पाहिलं नाही. मी पाहिली एक पोर, तीही बाजूने, सायकलवरून. त्यामुळे हे वाचून कुणाला तिकडे जावंसं वाटेल अशी आशा नाही. मलाही पुन्हा जावंसं वाटत नाही, आणि माहेर आहे माझं ते.

गोष्ट वीसेक वर्षांपूर्वीची. तेव्हा मी अठ्ठावन्नची, पुण्यातल्या शाळेतून नुकतीच निवृत्त झालेली पी.टी.ची बाई. गळ्यातली शिट्टी गेली होती, फुंकायची खोड गेली नव्हती. त्यात माझा मुलगा, बोटीवर इंजिनीयर, सिंगापूरहून हृदयाचे ठोके मोजणारं यंत्र घेऊन आला. छातीला बांधायचा एक पट्टा आणि मनगटावर एक घड्याळ. पट्टा ठोके टिपणार, घड्याळ आकडा दाखवणार. माकडाच्या हाती कोलीत म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं आहे, आरशात.

यंत्राचं म्हणणं असं की, दम तुटेस्तोवर पळण्यात शहाणपण नाही. ठोके ठरावीक आकड्याच्या आत ठेवून सावकाश पळा, सावकाश सायकल मारा. काही आठवड्यांनी तेवढ्याच ठोक्यांत तुम्ही जास्त वेगाने जाऊ लागता. हे खरं आहे. कात्रजचा घाट मी आधी तीनदा थांबून चढायची, दोन महिन्यांनी एका दमात चढले आणि वर जाऊन एका अनोळखी ट्रक ड्रायव्हरला घड्याळ दाखवलं. तो बिचारा म्हणाला, "किती वाजले म्हणता?"

अशा मनःस्थितीत मला कळलं की माझ्या धाकट्या भावाची, बाळूची, सारिका पोलीसभरतीसाठी पळते आहे आणि मागे पडते आहे. नवरात्र बसलं होतं. मी सायकल एसटीच्या टपावर टाकली आणि निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

आळेफाटा

फाट्यावर उतरले तेव्हा ऊन तापलं होतं. चहाच्या टपरीवर बसलेल्या म्हाताऱ्यांनी आधी सायकल खाली उतरताना पाहिली, मग मला, मग माझ्या डोक्यावरचं हेल्मेट.

"मावशी, मोटारसायकल कुठं पडली?" एकाने विचारलं.

"ही काय," मी सायकल दाखवली.

"मग ते टोपलं कशाला डोक्यावर?"

"पडले तर डोकं फुटू नये म्हणून."

"आता हे टाळकं फुटून तरी काय सांडणार हाय राव," दुसरा म्हणाला, आणि तिसऱ्याने माझ्या चहाचे पैसे देऊन टाकले. माहेरचा पाहुणचार असाच असतो. पुण्यात अपमान वेगळा आणि चहा वेगळा मिळतो.

गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस. मी ठोके बघत, मर्यादेत, ऐटीत चालले होते. मागून बाळू त्याच्या खिळखिळ्या एम-एटी फटफटीवर आला. "आक्का, जरा जोरात हाण. ह्या उसात बिबट्या हाय. परवा बेल्ह्याच्या अंगाला शेरडू उचललंय." माझ्या घड्याळाने पुढच्या वळणापर्यंत जो आकडा दाखवला तो मी कुणाला सांगितलेला नाही.

निमगाव सावा

घरात घट बसलेले. बाळूची बायको शोभा आणि सारिका, दोघींना नऊ दिवसांचा उपास, शिवाय पायात चप्पल नाही. भरतीत नाव लागू दे म्हणून दोघींनी देवीला बोललं होतं. मी पोरीसाठी पळायचे महागडे बूट आणले होते. तिने ते उघडले, वास घेतला, आतून हात फिरवला आणि देव्हाऱ्याखाली ठेवून दिले.

"दसऱ्याला घालीन, आत्या."

सारिका एकोणीस वर्षांची. उंच, काटकुळी, मान पुढे काढून चालणारी. शाळेत असताना ती तालुक्यात पहिली यायची. वर्षभरात तिचा वेळ वाढत गेला होता. जास्त पळावं तर आणखी वाढायचा. हे तिने मला संध्याकाळी गोठ्यात सांगितलं, आणि खरी गोष्टही तिथेच सांगितली.

"पप्पांनी बोली केलीय. भरतीत लागले तर लग्नाचं नाव न्हाई काढायचं. न्हाई लागले तर पिंपरी पेंढारचं स्थळ हाय, दिवाळीनंतर बार उडवायचा. पोरगा वाईट न्हाई. टेम्पो हाय त्याचा. पण मला न्हाई करायचं. मला वर्दी पायजे." मग म्हणाली, "किती दिवसांत फरक पडंल गं त्या मशीननं?"

"पडेल की," मी म्हणाले. पी.टी.च्या बाईला याहून वेगळं उत्तर येत नाही.

पट्टा बांधायची पहिली वेळ म्हणजे तमाशाच झाला. पट्टा आतून ओला करावा लागतो, नाहीतर ठोके लागत नाहीत. मी सवयीने थुंकी लावायला गेले तर शोभा ओरडली, "अहो वन्सं, घट हायेत घरात! उष्टं काय लावताय पोरीला!" मग तांब्यातलं पाणी आलं. आकडा दिसू लागल्यावर घरातल्या प्रत्येकाला आपला बघायचा होता. बाळूचा बसल्या जागी साठ भरला. त्याने मिशीवरून हात फिरवला. शोभाचा नव्वदच्या वर.

"तुला जास्त का गं?" मी विचारलं.

"तुमी आल्यापासून वाढलाय," शोभा म्हणाली, आणि उपासाची भगर ढवळायला निघून गेली.

सारिकाचा बसल्या जागी शंभरच्या वर होता.

"उपास हाय ना तिला," बाळू म्हणाला. "पोटात काय न्हाई तर मशीन काय दाखवणार?"

मलाही ते पटलं. मला तर सगळंच पटायचं तेव्हा, फक्त ते कुणीतरी आकड्यांत सांगावं लागे.

आळ्याकडचा रस्ता

बिबट्यामुळे पहाटे पळता येत नव्हतं. ऊन वर आल्यावर आम्ही निघायचो. पट्टा सारिकाच्या छातीला, घड्याळ माझ्या मनगटाला. पण त्या काळच्या पट्ट्याचा आवाज घड्याळाला हातभरावरूनच ऐकू यायचा. जरा लांब गेलं की आकडा गायब. म्हणून मला सायकल तिच्या अगदी बरगडीशी न्यावी लागे. ती अनवाणी पळतेय आणि बाजूला हेल्मेट घातलेली बाई हँडल तिच्या कोपराला लावून चाललीय. कांद्याच्या रोपाला पाणी देणारे लोक उभे राहून बघायचे.

"मावशी, कालवड विकायला चालवलीय का बाजारात?"

"दावं तरी बांधा, उधळंल!"

सारिका हसायची, आणि हसली की आकडा वर जायचा. मी दटावायची. पोरीला हसूही देत नव्हते मी.

मी मर्यादा ठरवली होती दीडशे. तिच्या वयाला ती सोपी होती, मला वाटलं होतं ती आरामात पळत राहील. पहिल्या वळणालाच घड्याळ पावणेदोनशेवर. "हळू," मी म्हणाले. ती हळू झाली. तरी वर. "अजून हळू." शेवटी ती अशी पळत होती की डोक्यावर हंडा घेतलेली एक बाई आमच्या पुढे निघून गेली.

"आत्या, ह्या पळण्यानं भरतीत लोक हसतील मला."

"हसू देत. पाया पक्का होतोय."

एका डीपीखालून जाताना आकडा सव्वादोनशेच्या पुढे गेला आणि मग शून्य झाला. मी सुस्कारा सोडला. विजेच्या तारांखाली यंत्र बावचळतं हे मला माहीत होतं. म्हणजे दोष तारांचा. दुसऱ्या दिवशी तारा नसलेल्या पाणंदीने गेलो. तिथेही तेच. म्हणजे दोष उपासाचा. त्या नादात घड्याळाकडे बघता बघता मी सायकलसकट पाण्याच्या चारीत गेले. गुडघा सोलला, हेल्मेटला चिखल लागला. सारिकाने मला वर ओढलं आणि मग ती स्वतःच खाली बसली. चारीच्या कडेला, दोन्ही हात मागे टेकून, तोंड उघडं. पडले होते मी आणि दम तिला लागला होता.

"किती वेळ लागतो तुला असा दम खाली यायला?"

"आधी न्हाई लागायचा." तिने घाम पुसला. "रातच्याला आडवं झालं की खोकला येतो. उशी दोन घेते. आईला नको सांगू."

मी शोभाला सांगितलं. शोभा म्हणाली, "उपासानं पित्त होतंय तिला." त्या घरात त्या आठवड्यात जे काही होत होतं ते उपासाने होत होतं. मी म्हटलं, उपास सोडवू, एक दिवस पोटभर जेवू दे, मग मोजू. शोभाने भांडं खाली ठेवलं. "वन्सं, सात दिस झालेत. आता मोडला तर ज्याच्यासाठी धरलाय तेच जायचं हातातनं." पोरगीही आईच्याच बाजूची. मग तिघी आम्ही दसऱ्याकडे डोळे लावून बसलो. जणू पुरणपोळी हे औषध होतं.

दसरा

दसऱ्याला सारिका जेवली. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडई. दोन दिवस मी तिला पळू दिलं नाही, नुसतं खायला घातलं. मासवडीचा बेत झाला. ज्यांनी मासवडी खाल्ली नाही त्यांना सांगते, ती पाहून मासळी वाटते आणि खाऊन मासळीची आठवण येत नाही. बाजरीची भाकरी, तिखटजाळ रस्सा. सारिकाने दोन भाकरी खाल्ल्या, शोभाने तोंडावरून पदर फिरवला. घर इतकं खूश होतं की आकडा खाली आलाच आहे असं आम्ही धरून चाललो.

तिसऱ्या दिवशी नवे बूट घालून ती रस्त्यावर उभी राहिली. बांधावरून कुणीतरी ओरडलं, "आता लागतीय भरतीत!"

ती पळाली, आकडा वर. हळू. वर. अजून हळू. मग मी म्हणाले, "चाल नुसती." ती चालू लागली. मी सायकलवरून उतरले आणि हातात धरून तिच्या शेजारून चालू लागले. पोट भरलेलं, पायात बूट, डोक्यावर तार नाही. चालतानाही तो आकडा दीडशेच्या आत येईना. आणि तो सरळ चढत-उतरत नव्हता. उड्या मारत होता, पायरी चुकलेल्या माणसासारखा.

"आत्या, मशीन मोडलंय तुझं," ती म्हणाली. विनवणी होती ती.

मी तिथेच झाडाआड जाऊन पट्टा स्वतःला बांधला. आकडा आला, शहाण्यासारखा आला, माझ्या वयाला शोभेल असा. सारिकाने माझ्या मनगटाकडे पाहिलं. मग ती घराकडे चालू लागली. मी सायकल हातात धरून तिच्या मागून गेले.

मंचर

दुसऱ्या दिवशी जीपने नारायणगाव, तिथून मंचर. तालुका बदलला, आंबेगावात आलो, पण बाहेर बघायला कुणी नव्हतं. शोभा आणि सारिका दोघींच्या सीटवर आणखी चौघींबरोबर दाटीत, बाळू मागे लटकलेला. नारायणगावला टोमॅटोच्या क्रेटने रस्ता अडला होता. एरवी मी खाली उतरून भाव विचारला असता.

मंचरच्या डॉक्टरांनी यंत्र वगैरे काही घेतलं नाही. नळी कानाला लावली, सारिकाला डाव्या कुशीवर निजवलं आणि डोळे मिटून ऐकत बसले. भाविक माणूस भजन ऐकतो तसे. मग शोभाला विचारलं, "लहानपणी हिला ताप येऊन सांधे सुजले होते का?"

"व्हते की. आठवीत व्हती. आज हे गुडघं, उद्या ते मनगट. आमी बिब्बा घातला. आपोआप उतरलं."

"उतरलं नाही, बाई. हृदयात जाऊन बसलं." त्यांनी दोन्ही हातांची बोटं जुळवून दार कसं उघडतं ते दाखवलं, आणि मग ते दार अर्धंच उघडतंय तेही दाखवलं. झडप आक्रसली होती. पुण्याला मोठ्या दवाखान्यात फोटो काढायचा, मग ऑपरेशन.

"साहेब, पण भरती?" बाळूने विचारलं.

"पळणं बंद. आजपासून बंद. भरतीत पळताना पडली नाही तर पुढे तपासणीत काढून टाकतील. आणि लग्न करणार असाल तर आधी ऑपरेशन. हे असं ठेवून बाळंतपण आलं तर मी तुम्हाला जबाबदार धरीन."

सारिका टेबलावर बसून ब्लाउजची बटणं लावत होती. तिने एकच विचारलं, "हळू पळाले तर?"

वाचणाऱ्यांच्या जिवाला घोर नको म्हणून इथेच सांगते, पोर आज जिवंत आहे. सुखात आहे असं मी लिहिणार नाही. बाळूच्याच घरी मागच्या खोलीत शिलाई करते. गावातल्या पोरी भरतीसाठी घरावरून पळत जातात तेव्हा ती खिडकी लावून घेते.

येताना जीपमध्ये जागा मिळाली. बाळू माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आक्का, हे आपल्या चौघांत ऱ्हायचं. गावात शब्द न्हाई."

"आणि ऑपरेशन?"

"करू की. पण आधी लग्न. छातीवर टाका दिसला तर कोण करंल तिला? पिंपरीवाल्यांना मी बोलावतो ह्याच आठवड्यात. नायतरी भरती न्हाईच झाली तर बोली तीच व्हती."

"बाळू, डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना?"

"ऐकलं." त्याने बाहेर पाहिलं. "तू पुण्याला जाशील, आक्का. मला हितं ऱ्हायचंय. माझ्या पोरीला दोष हाय असं एकदा बाहेर पडलं की मरस्तोवर तेच." तो दुष्ट नव्हता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी तो तेच म्हणत होता. आयुष्यभर मैदानावर ओरडले, आणि जीपमध्ये आवाज गेला.

त्या संध्याकाळी सारिकाने बूट धुतले, वाळत घातले आणि सकाळी मला परत दिले. म्हणाली, "तू आली नसतीस तर मी पळाले असते गं. एक दिवस तरी पळाले असते." मी ते बूट पिशवीच्या तळाशी घातले.

पुन्हा निमगाव

पाहुणे आले ते टेम्पोतूनच. मुलगा, त्याचे वडील, मामा आणि एक चुलती. चुलती जाडजूड, हसऱ्या तोंडाची. पोहे झाले, चहा झाला. मुलगा खाली मान घालून बसला होता. सारिका म्हणाली होती ते खरं, वाईट नव्हता. हे जास्त वाईट होतं.

नाव, शिक्षण, स्वयंपाक झाला. मामांनी विचारलं, "पोलिसात जायचं व्हतं म्हणं तिला?"

"ते खूळ गेलं आता," बाळू घाईने म्हणाला.

मग चुलतीने ताटली बाजूला सारली आणि म्हणाली, "बाळ, जरा चालून दाखव." आमच्याकडे विचारतात असं. पाय लंगडा नाही ना, चाल नीट आहे ना, एवढंच बघतात. पुण्यात आता असं विचारलं तर भांडण होईल. तिथे ते रीतीचं असतं, कुणाला राग येत नाही.

सारिका उठली. साडीत होती, अनवाणी. ओटीवरून उतरली, अंगण ओलांडलं. मला वाटलं वळेल. ती वळली नाही. तिने निऱ्या हाताने वर धरल्या आणि रस्त्यावर पळत सुटली. असं पळणं मी दोन आठवड्यांत तिला एकदाही करू दिलं नव्हतं. मान वर, पाय लांब, सगळ्या अंगाने. पाहुण्यांचे मामा खूश होऊन म्हणाले, "आरं, पोर लई चपळ हाय!" शोभा दारातच खाली बसली. मी "थांब" म्हणाले असेन. कुणाला ऐकू गेलं नाही.

ती देवळापर्यंत गेली, वळली आणि परत आली. येताना तिचा वेग राहिला नव्हता. अंगणात शिरली तेव्हा ओठ जांभळे झाले होते. ती थेट चुलतीपुढे येऊन गुडघ्यांवर बसली, तिचा हात धरला आणि आपल्या छातीवर दाबला.

"मोजा," ती म्हणाली.

चुलतीच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. हात काढून घ्यायला तिला जमेना, कारण सारिकाने तो सोडला नव्हता.

"हे काय गं पोरी? हे असं... हे काय वाजतंय?"

"झडप बिघडलीय. पप्पा नंतर सांगणार व्हते. मी आधी दावलं." मधे मधे श्वास घेत ती हे बोलली. "मूल झालं तर मी मरंन, असं डाक्टर म्हणला. पसंत हाय का विचारा त्यांना."

मुलाने पहिल्यांदा मान वर केली आणि लगेच खाली घातली. मामा उठले. वडील चपला शोधू लागले. चुलतीने जाताना सारिकाच्या तोंडावरून हात फिरवला, "औषध घे गं बाई," एवढंच म्हणाली, आणि टेम्पोत चढली. टेम्पो चालू व्हायला वेळ लागला. तेवढा वेळ कुणी कुणाकडे पाहिलं नाही. पिंपरी पेंढार काही लांब नाही. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट आळ्यात पोचणार होती, आठवड्याच्या बाजाराला दोन्ही तालुक्यांत. ते सगळ्यांना कळत होतं, सारिकाला सगळ्यांत जास्त.

ती ओटीला टेकून बसली होती. श्वास खाली येत नव्हता. शर्यतीनंतर पोरांना काय करायला सांगावं हे मी उभा जन्म शिकवलं. तिच्यासाठी त्यातलं काहीच उपयोगाचं नव्हतं. मी नुसती तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. हाताला ते सगळं लागत होतं.

बाळूने पोह्यांच्या ताटल्या गोळा केल्या. हे काम मी त्याला आयुष्यात कधी करताना पाहिलं नव्हतं. एकात एक घातल्या, आत नेल्या, बाहेर आला, आणि अंगणात उभा राहून रस्त्याकडे बघत मला म्हणाला, "आक्का, पुण्यात त्या मोठ्या दवाखान्यात तुझी कुणाची वळख हाय का? आता टाका दिसला तर दिसू दे. बघायला कोण येतंय?"

सारिकाने मान वर केली. बोलायला तिच्यात दम नव्हता.